डॉक्टरांच्या सहीची फी आणि तिची हद्द

धंदा लहान असो की मोठा, आज डॉक्टरांच्या सहीवाचून त्याचे पान हलत नाही. बेकरीवाल्याला भट्टीवरच्या कामगारांचे तंदुरुस्तीचे दाखले लागतात. टेम्पो-ट्रक चालवणाऱ्याला लायसन्ससाठी डॉक्टरांनी भरलेला फॉर्म लागतो. यंत्रमागावर हात सापडला तर भरपाईसाठी पहिल्या दिवसाचा कागद शोधावा लागतो. मेडिक्लेमवाले सांगतात, पेशंटला साखर केव्हापासून आहे ते फॅमिली डॉक्टरांकडून लिहून आणा. कामगार दोन दिवस तापाने पडला तर शेठ म्हणतो, सर्टिफिकेट घेऊन ये. आणि घरात मय्यत झाली तर कब्रस्तानात नेण्याआधी डॉक्टरांचाच कागद विचारला जातो.

हे सारे कागद मोहल्ल्यातल्या एकाच दवाखान्यात मागितले जातात आणि तेही संध्याकाळी, बाहेर बाकावर वीस पेशंट बसलेले असताना. त्यातून दोन तक्रारी उठतात. आमचे व्यापारी बांधव म्हणतात, "दोन ओळी खरडल्या आणि पैसे मोजून घेतले." डॉक्टर मंडळी म्हणतात, "लोक फुकटात सही मागतात, वर खोटे लिहायला सांगतात." आमच्या मते दोन्ही तक्रारींत अर्धे खरे आहे. सहीची फी मागणे गैर नाही, मात्र ती आधी सांगितलेली असली पाहिजे. आणि फी दिली म्हणून डॉक्टरांकडून हवे ते लिहून घेण्याचा हक्क आपल्याला मिळत नाही. या दोन गोष्टी आपल्या लोकांनी नीट समजून घेतल्या तर पैसाही वाचेल आणि पुढची बदनामीही टळेल.

प्रथम फीची गोष्ट. जरीकाम करणाऱ्या कारागिराला गिऱ्हाईक जेव्हा म्हणते, "दहा मिनिटांचे तर काम, एवढे पैसे कसले?" तेव्हा त्याला राग येतो. त्या दहा मिनिटांच्या मागे पंधरा वर्षांचा हात असतो हे गिऱ्हाइकाला दिसत नाही. डॉक्टरांच्या दोन ओळींचेही तसेच आहे. शिवाय त्या ओळींची जोखीम डॉक्टरांच्या डोक्यावर राहते. एम.बी.बी.एस. डॉक्टरांना लागू असलेले वर्तणुकीचे नियम २००२ सालचे आहेत. २०२३ साली त्यांच्या जागी नवे नियम निघाले होते, पण त्याच महिन्यात ते स्थगित झाले आणि २००२ चेच पुढे चालू राहिले. त्या नियमांप्रमाणे डॉक्टरांनी दिलेल्या प्रत्येक दाखल्याची नोंद वेगळ्या रजिस्टरात ठेवायची असते. त्यात पेशंटची सही किंवा अंगठा, पत्ता आणि अंगावरची निदान एक ओळखीची खूण लिहायची असते, आणि दाखल्याची प्रत जपून ठेवायची असते. दाखला खोटा किंवा दिशाभूल करणारा ठरला तर डॉक्टरांचे नाव मेडिकल कौन्सिलच्या रजिस्टरमधून कमी होऊ शकते. नाव गेले की दवाखाना गेला. दाखल्याचे प्रकरण कोर्टात गेले तर डॉक्टरांना दिवसभर दवाखाना बंद ठेवून साक्षीला उभे राहावे लागते ते वेगळेच. एवढी जबाबदारी जो घेतो त्याने फी घेतली तर तिला लूट म्हणणे आम्हास पटत नाही.

पण त्याच नियमांत डॉक्टरांनाही बंधने आहेत, आणि ती आपल्या लोकांना फारशी ठाऊक नसतात. डॉक्टरांनी आपली फी आणि इतर आकार दवाखान्यात बोर्डावर लावले पाहिजेत. फी आधी सांगितली पाहिजे, काम झाल्यावर नव्हे. चिठ्ठी, दाखला आणि पैशाची पावती या तिन्हींवर त्यांचा रजिस्ट्रेशन नंबर असला पाहिजे. दाखल्याला किती रुपये घ्यावेत याचा आकडा मात्र नियमांत दिलेला नाही. म्हणजे भाव बाजारावर सोडलेला आहे, आणि जिथे भाव बाजारावर असतो तिथे माल उचलण्याआधी भाव विचारणे हे आपल्या धंद्यातले पहिले शिक्षण आहे. कापडाचा तागा घेताना आपण तीन दुकाने फिरतो, आणि दवाखान्यात मात्र कागद हातात पडल्यावर "किती झाले?" म्हणून विचारतो. मग मनाविरुद्ध पैसे देतो आणि बाहेर येऊन डॉक्टरांना नावे ठेवतो. त्यापेक्षा आधी विचारावे, घ्यायचे की नाही ते ठरवावे आणि पावती मागावी. १९९५ साली सुप्रीम कोर्टाने डॉक्टरांची पैसे घेऊन दिलेली सेवा ग्राहक कायद्याखाली आणली, तेव्हापासून पावतीला मोल आले आहे. पावतीशिवाय दिलेल्या पैशाची दाद कुठे मागणार?

काही कागद असे आहेत की ज्यांना फी घेताच येत नाही. त्यांतला सर्वात महत्त्वाचा म्हणजे मृत्यूच्या कारणाचा दाखला. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा, १९६९ याच्या कलम १० मध्ये स्पष्ट म्हटले आहे की शेवटच्या आजारात ज्या डॉक्टरांनी उपचार केले त्यांनी मृत्यूनंतर ताबडतोब, कोणतीही फी न घेता, ठरलेल्या नमुन्यात कारणाचा दाखला द्यावा. २०२३ साली या कायद्यात दुरुस्ती झाली व ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू आहे, पण फी न घेण्याची अट तशीच आहे. मोफत आहे तो दाखला. मध्यरात्री घरी येण्याची व्हिजिट फी हा वेगळा हिशोब आहे, आणि ती देण्यात कुरकूर करू नये.

मात्र याच दाखल्याची हद्द लक्षात ठेवली पाहिजे. हा दाखला द्यायचा तो शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी. ज्यांनी वर्षभरात पेशंट पाहिलाच नाही, त्यांना रात्री दोन वाजता उठवून "हार्ट अटॅक लिहा" म्हणणे योग्य नाही. त्यांनी नकार दिला तर ते बेइमान ठरत नाहीत. पडून, भाजून, विजेच्या धक्क्याने, विषाने किंवा संशयास्पद रीतीने मृत्यू झाला असेल तर मामला पोलिसांकडे जातो. तिथे फॅमिली डॉक्टरांच्या सहीने काम भागत नाही आणि भागवूही नये. दफन लवकर व्हावे ही आपल्या घरांतली स्वाभाविक ओढ असते, आणि त्या घाईत डॉक्टरांशी भांडणे होतात. त्यावर इलाज एकच. घरात अंथरुणाला खिळलेले वडीलधारे असतील तर एकाच डॉक्टरांना त्यांना नियमाने दाखवत राहावे, आणि केस पेपर, रिपोर्ट व औषधाच्या चिठ्ठ्या एका पिशवीत घालून कपाटात ठेवाव्यात. ज्या डॉक्टरांनी गेल्या आठवड्यात आजोबांना तपासले आहे त्यांना दाखला लिहायला अडचण पडत नाही.

हॉस्पिटलात दाखल झालेल्या पेशंटच्या कागदांबद्दलही नियम आहे. पेशंटने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने कागद मागितले तर ते ७२ तासांच्या आत द्यावे लागतात, आणि असे कागद तीन वर्षे जपून ठेवावे लागतात. यंत्रमागावर, लेथवर किंवा लाकूड कापण्याच्या मशीनवर जखमी झालेल्या कारागिराने हे विशेष ध्यानात ठेवावे. कोणत्या तारखेला, कोणत्या मशीनवर, कोणता हात सापडला हे पहिल्याच दिवशी केस पेपरवर लिहिलेले असेल तर पुढे भरपाईचा दावा उभा राहतो. सहा महिन्यांनी डॉक्टरांकडे जाऊन "तेव्हाचे लिहून द्या" म्हटले तर ते कशाच्या आधारावर लिहिणार? मालकाला अडचण नको म्हणून "घरी पडलो" असे सांगणारे कामगार भिवंडी, मालेगावात कमी नाहीत. तो एक शब्द कागदावर चढला की पुढे पुसला जात नाही.

फॅमिली डॉक्टरांच्या सहीने काही कामे होतच नाहीत, आणि तरीही लोक तिथे पैसे घालवतात. अपंगत्वाचा दाखला २०१६ च्या कायद्याप्रमाणे सरकारने नेमलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडूनच मिळतो. आखाती देशांत नोकरीला जाणाऱ्याची तपासणी त्या देशांनी मान्य केलेल्या केंद्रातच होते. कोकणातून निघालेल्या मुलाने आधी गावच्या डॉक्टरांकडून "फिट" लिहून नेले तर ते पैसे वाया जातात. ई.एस.आय.च्या कामगाराला आजारपणाचे पैसे हवे असतील तर दाखला ई.एस.आय.च्याच डॉक्टरांचा हवा. हजला जाणाऱ्यांसाठी हज कमिटी त्या वर्षीच्या सूचना काढते, दाखल्याचा नमुना आणि सही कोणाची चालेल हे तिथेच पाहावे.

आपल्या मोहल्ल्यांत बरेचसे डॉक्टर युनानी पदवीचे आहेत. १९७० च्या आणि त्याच्या जागी आलेल्या २०२० च्या कायद्याने नोंदणीकृत हकीम-वैद्यांनाही तंदुरुस्तीचा दाखला देण्याचा अधिकार आहे. तरीसुद्धा काही कचेऱ्या एम.बी.बी.एस.चीच सही मागतात. म्हणून दवाखान्यात जाण्याआधी कचेरीत एक प्रश्न विचारावा, "सही कोणाची चालेल?" त्या एका प्रश्नाने एक फेरी आणि एक फी वाचते.

आता तंदुरुस्तीच्या दाखल्याकडे येऊ, कारण बेकरी, हॉटेल, मटणाचे दुकान, मिठाई आणि केटरिंग हे आपल्या लोकांचे मोठे धंदे आहेत. अन्न सुरक्षेच्या २०११ च्या नियमांप्रमाणे अन्न हाताळणाऱ्या प्रत्येक कामगाराची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी व्हावी लागते. दाखल्याचा नमुनाही ठरलेला आहे. त्यात सर्वसाधारण तपासणी, डोळे, कातडी आणि टायफॉईडच्या गटातल्या रोगांवरची लस यांचा समावेश आहे. डॉक्टरांना एखाद्या सांसर्गिक रोगाची शंका आली तर त्याची तपासणी करायची. कामगाराला मी स्वतः नीट तपासले आहे, असे डॉक्टर त्यात लिहून देतात.

आणि प्रत्यक्षात काय होते? आठ कामगारांची नावे एका चिठ्ठीवर लिहून पोऱ्याला दवाखान्यात पाठवले जाते आणि संध्याकाळी आठ सह्या घेऊन तो परत येतो. कामगार भट्टीवरून हललेलेसुद्धा नसतात. डॉक्टरांनी फी घेतली, मालकाची फाईल भरली. पण त्या आठांतल्या एकाला क्षय असेल तर तो रोज शेजारच्या सात जणांत खोकत राहतो. फाईल तपासायला आलेल्या इन्स्पेक्टरला कागद दाखवता येईल, पण रोगाला कागद दाखवता येत नाही. समजा डॉक्टरांनी तपासणीसह एका दाखल्याचे ३०० रुपये सांगितले. आठ कामगारांचे वर्षाचे २,४०० झाले, म्हणजे साऱ्या बेकरीला दिवसाला सात रुपयेसुद्धा पडले नाहीत. लसीचा खर्च निराळा धरला तरी हे ओझे फार नाही. यात मालकाने काटकसर करू नये आणि हे पैसे कामगाराच्या पगारातून कापू नयेत. दाखला धंद्यासाठी लागतो, तेव्हा खर्चही धंद्याचाच.

दुसऱ्या बाजूने मालकाच्या हक्कालाही हद्द आहे. एच.आय.व्ही.ची तपासणी नोकरीची अट म्हणून लावता येत नाही. २०१७ च्या कायद्याने त्याला मनाई आहे आणि तो कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. तसेच कामगाराला काय झाले आहे हे मालकाने डॉक्टरांना फोन करून विचारले आणि डॉक्टरांनी सांगायला नकार दिला तर राग मानू नये. पेशंटची गोष्ट पेशंटच्या परवानगीशिवाय बाहेर न सांगणे हे त्यांचे कर्तव्य आहे. उद्या आपलीही गोष्ट त्यांच्या पोटात राहावी असे आपल्याला वाटते ना?

ट्रक आणि रिक्षाचालकांच्या फॉर्मचेही तसेच आहे. मोटार वाहन नियमांतल्या १-अ या नमुन्यात लाल व हिरवा रंग ओळखता येतो का, दिवसाच्या उजेडात २५ मीटरवरून गाडीची नंबर प्लेट वाचता येते का, असे प्रश्न डॉक्टरांना विचारलेले आहेत. डोळे न तपासता ते उत्तर लिहिणारा डॉक्टर आणि लिहून घेणारा ड्रायव्हर, दोघेही रस्त्यावरच्या तिसऱ्याच माणसाचा जीव गहाण टाकतात.

सर्वात मोठे नुकसान मात्र विम्याच्या कागदात होते. पॉलिसी घेताना साखर किंवा ब्लडप्रेशर लपवायचे, आणि हॉस्पिटलचे बिल आले की फॅमिली डॉक्टरांना म्हणायचे, "डॉक्टरसाहेब, याच वर्षी सुरू झाले असे लिहा." डॉक्टर भिडेखातर लिहून देतात. मग विमा कंपनी जुन्या चिठ्ठ्या, औषधांची बिले, लॅबचे रिपोर्ट मागवते, आणि पाच वर्षांपूर्वीची साखरेची गोळी बाहेर येते. क्लेम बुडतो, पॉलिसी बुडते, डॉक्टर अडचणीत येतात आणि त्या दवाखान्याचा कागद पुढे दुसऱ्या कोणाचाही असला तरी संशयाने पाहिला जातो. वास्तविक खरे सांगणाऱ्याला आता पूर्वीपेक्षा सोय आहे. २०२४ च्या विमा नियमांप्रमाणे आधीपासूनच्या आजारासाठी जास्तीत जास्त ३६ महिने थांबावे लागते, आणि पॉलिसी सलग ६० महिने चालली की लबाडी सिद्ध झाल्याखेरीज माहिती लपवल्याच्या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही. तीन वर्षांची वाट टाळण्यासाठी आयुष्यभराची पॉलिसी धोक्यात घालणे हा कोणता व्यापार?

कायद्याची धाकही लहान नाही असे नव्हे. कायद्याने लागणारा किंवा कोर्टात पुरावा म्हणून चालणारा दाखला खोटा आहे हे जाणून जो देतो त्याला भारतीय न्याय संहितेचे कलम २३४ लागते, आणि तो खोटा आहे हे ठाऊक असून लबाडीने खरा म्हणून जो वापरतो त्याला कलम २३५. दोघांनाही शिक्षा खोटी साक्ष देणाऱ्याइतकी आहे. म्हणजे सही जरी डॉक्टरांची असली तरी कागद पुढे करणारा सुटत नाही.

आता थोडे आपल्याकडे, मालक म्हणून. कामगार एक-दोन दिवस तापाने राहिला तर सर्टिफिकेट मागण्याची सवय आपण सोडली पाहिजे. समजा त्याची दिवसाची मजुरी ६०० रुपये आहे. दोन दिवसांची मजुरी गेली, डॉक्टर आणि औषधाचे पैसे गेले, आणि वर कागदासाठी आणखी पैसे आणि आणखी एक फेरी. ताप तर घरी पडून राहूनही उतरला असता. अशा कागदाने मालकाला काय कळते? कामचुकार माणूस पैसे टाकून कागद आणतो आणि प्रामाणिक माणूस तापात रांगेत उभा राहतो. रत्नागिरी-रायगडचे आमचे कितीतरी कोकणी बांधव इंग्लंडात स्थायिक आहेत, त्यांना तिथली रीत विचारा. सात दिवसांपर्यंतच्या आजारपणात कामगाराने स्वतः लिहून दिले की पुरते. त्याहून जास्त दिवस लागले तर डॉक्टरांचा कागद, आणि तो मोफत. प्रवासाच्या किंवा खाजगी विम्याच्या कागदांना मात्र तिथले दवाखाने फी घेतात. सरकारी पैशावर चालणाऱ्या दवाखान्यांच्या त्या देशाची आपल्याशी बरोबरी नाही, पण मालकाने थोड्या दिवसांसाठी कामगाराच्या शब्दावर विश्वास ठेवावा, एवढे तर इथेही करता येते.

डॉक्टर बांधवांनाही आमची विनंती आहे. फीचा बोर्ड लावा, त्यात दाखल्याची ओळ वेगळी लिहा. कोऱ्या लेटरहेडवर आधी सह्या करून कंपाउंडरकडे ठेवू नका. हातावर पोट असलेल्या कारागिराला आणि विधवेला सवलत द्यायची असेल तर जरूर द्या, पण ती फीत द्या, तपासणीत देऊ नका. आणि जे लिहिता येत नाही त्याला तोंडावर "नाही" म्हणा. तुमच्या एका "नाही"मुळे तुमच्या शंभर दाखल्यांना वजन येते.

व्यापारी मंडळे, बेकरीवाल्यांच्या संघटना आणि यंत्रमागधारकांनी आपल्या पुढच्या बैठकीत चार गोष्टी ठरवाव्यात असे आम्ही सुचवतो. तीन दिवसांपर्यंतच्या आजारपणाला कागद मागायचा नाही. अन्नाचा धंदा करणाऱ्यांनी वर्षातला एक दिवस ठरवून, डॉक्टरांना आगाऊ सांगून, मालकांच्या खर्चाने सर्व कामगारांची खरी तपासणी करून घ्यायची. बाजारातल्या डॉक्टरांशी बोलून दाखल्यांची फी ठरवून तिचा तक्ता दुकानांत लावायचा. आणि मागच्या तारखेचा दाखला आणणाऱ्या कामगाराला किंवा भागीदाराला पाठीशी घालायचे नाही. याला सरकारी हुकूम लागत नाही, पैसाही फारसा लागत नाही.

बाजारात आपल्या सहीची चिठ्ठी चालते, कारण ती कधी खोटी ठरलेली नसते. डॉक्टरांच्या सहीचेही तसेच आहे. तिची रास्त किंमत द्या, पावती घ्या, आणि ती खरीच राहील याची काळजी त्यांच्याइतकीच आपणही घ्या.